लाल चिंध्यांची ओळ

१

किशनराव एकादशी मोडत नसे. बायकोला मारी, गड्याला मारी, एकदा एसटीच्या कंडक्टरलाही कॉलर धरून खाली ओढला होता. पण एकादशी मोडत नसे. त्यामुळे फाल्गुनातल्या एकादशीला तो मेला तेव्हा त्याच्या पोटात काय होतं, हा प्रश्न निंबटाकळीत कुणालातरी पडायला हवा होता. पडला नाही. मानेत कुऱ्हाड रुतलेली असली की माणसं पोटाकडे बघत नाहीत.

दुपारी चारला भुजंग नावाचा सालगडी बैलं पाजायला आखाड्यावर गेला. आखाडा म्हणजे विहिरीजवळचं छप्पर, खाली बैलं, वर कडबा. छपराच्या सावलीत मालक उताणा पडला होता. भुजंगला वाटलं, झोपलाय, आणि झोपलेल्या किशनरावाला उठवण्यात शहाणपण नव्हतं म्हणून तो चोरपावलांनी बैल सोडायला लागला. मग त्याला कुऱ्हाडीचा दांडा दिसला. बैल आणि चपला तिथंच टाकून तो गावाकडे पळत सुटला.

दांड्याला तारेचं वेटोळं होतं. ती कुऱ्हाड कुणाची हे गावात लहान पोरानंही सांगितलं असतं. बौद्धवाड्यातल्या लिंबाजीची. आणि लिंबाजीनं किशनरावाला मारायचं कारण सांगायला तर पोरही नको होतं, चार दिवसांपूर्वी सगळ्या गावानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

झालं होतं असं. किशनरावाच्या विहिरीखालच्या वीस गुंठ्यांत सरकारी झाडं लावलेली होती. कागदावर त्यांचं नाव टॅपिओका, कुणी कसावा म्हणे. गाव त्यांना शाबूचं झाड म्हणायचं, कारण उपासाचा शाबुदाणा याच झाडाच्या मुळ्यांपासून होतो असं बन्सीधर सांगत असे. बन्सीधर हा शेतीखात्याचा माणूस, लातूरकडचा, पंचविशीतला, अक्षर मोत्यासारखं. बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. त्यात सरकारी सुकडीवर जगलेल्या लोकांना तो सांगायचा, "पाऊस नाही आला तरी हे झाड मरत नाही. जमिनीखाली पोटाला आधार ठेवतं." महिनाभरापूर्वी त्यानं पुढच्या ओळीतल्या मुळ्या उकडून चावडीपुढं सगळ्या गावाला वाटल्याही होत्या. लोकांनी मीठ लावून खाल्ल्या आणि रताळ्यापेक्षा बऱ्या म्हणाले.

त्या झाडांत लिंबाजीची तीन शेरडं घुसली. पाला खाल्ला आणि घरी येऊन मेली. लिंबाजी विचारायला गेला तर किशनरावानं त्याला बैलाच्या वेसणीनं बांधून चाबकानं फोडला, पिकाची नासाडी केली म्हणून. पाठीचं कातडं सुटेपर्यंत लिंबाजी गप्प होता. मग बोलला, आणि चारचौघांत बोलला.

"माझी शेरडं जशी पाय झाडून मेली ना मालक, तसाच मरशील तू."

आता मालक मेला होता. भुजंगची आरोळी गावात पोचल्यावर पंधराव्या मिनिटाला लिंबाजीला त्याच्या घरातून केसाला धरून बाहेर काढलं गेलं.

२

सत्यशीलाबाई त्याच सुमारास एसटीतून उतरल्या. पंचेचाळिशीच्या, उपकेंद्राच्या नर्स. हातात लसींचा थर्मास, त्यातला बर्फ पाणी झालेला. पालमहून दोनला सुटणारी गाडी नाल्यावर पंक्चर होऊन दीड तास उभी होती आणि अडीचला येणाऱ्या बाईला चार वाजून गेले होते. थर्मास खाली ठेवायच्या आत त्यांना बोलावणं आलं, जीव आहे का बघा म्हणून.

जीव नव्हता. तो जाऊन बराच वेळ झाला होता. पण बाई मुडद्यापाशी जरा जास्तच वेळ बसल्या.

पहिली गोष्ट, रक्त. मानेतली मोठी शीर तुटली तर रक्त छपरापर्यंत उडतं. बाळंतपणात एक शीर सुटली तर खोली धुवावी लागते हे त्यांना ठाऊक होतं. इथं किशनरावाचा पांढरा सदरा बाहीपर्यंत पांढरा होता. जखमेच्या कडेला थोडं ओघळलेलं, बस्स.

दुसरी, अंगाचा रंग. त्यांनी सदरा जरा उचलून पाठ बघितली. मेलेल्या माणसाच्या पाठीत रक्त उतरून काळंनिळं होतं. ही पाठ लालबुंद होती, जिवंत माणसाला रॅश उठावी तशी.

तिसरी, मुंग्या. त्या मानेवर कमी आणि तोंडापाशी जास्त होत्या. सदऱ्याच्या खिशात गुळाचा खडा होता. दातांत एक जाड दोरा अडकला होता, बोटभर लांब. बाईंनी तो रुमालात घेतला.

आणि चौथी गोष्ट जमिनीवर होती. सगळ्या आखाड्यात शेण, कडबा, बैलांचे खूर. पण मुडद्याच्या शेजारची हातभर जागा तुराट्यांच्या खराट्यानं स्वच्छ झाडलेली. किशनराव झाडायचा माणूस नव्हता. भुजंगनं झाडलं नव्हतं.

संध्याकाळी पालमहून दत्तराव जमादार आले. मोठ्या मिशा, मोठा आवाज, आणि आजवर तीन खून कबुलीवर सोडवलेले. कबुली कशी येते ते त्यांच्या काठीच्या टोकाला विचारावं.

"जमादारसाहेब," बाई म्हणाल्या, "कुऱ्हाड बसायच्या आधीच माणूस मेला होता. तासभर तरी आधी."

दत्तरावांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "बाई, तुमी बौद्धवाड्यातल्याच ना?"

"पूर्णेच्या. पण बौद्धवाड्यातलीच."

"मंग ऱ्हाऊ द्या."

किशनरावाचा थोरला भाऊ आबासाहेब मुडद्याच्या पायापाशी बसला होता. तो उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "मुडदा सकाळी परभनीला चिरायला जाईल. उद्या दिवस मावळता परत येईल. भावाला अग्नी द्यायच्या आधी मला लिंबाजीची कबुली पायजे. न्हाई मिळाली तर दुसरी आगबी आमीच लावू."

दुसरी आग कुठं लागणार हे त्यानं सांगितलं नाही. बौद्धवाड्यात सत्तावीस घरं होती आणि सगळी गवताची.

३

रात्रभर चावडीतून लिंबाजीचा आवाज येत होता. पहाटे यायचा थांबला, ते जास्त वाईट होतं. सकाळी सत्यशीलाबाई पट्ट्या घेऊन गेल्या. लिंबाजीचा उजवा हात कोपरापासून उलटा झाला होता, डावा डोळा मिटलेला. जाजमावर बसून बन्सीधर जमादारांसाठी पंचनामा लिहीत होता. गावात दुसरं कुणाचं अक्षर वाचता येण्यासारखं नव्हतं.

"आमचा राईटर रजेवर हाय," दत्तराव म्हणाले. "कृषीवाले साहेब भले माणूस. कबुलीबी हेच लिहून घ्यायलेत."

बन्सीधरनं टाक दौतीत बुडवला.

बाहेर ओट्याखाली लिंबाजीची बायको सरजाबाई बसली होती. रात्रीपासून तिथंच. बाईंनी तिला पाणी पाजलं.

"कुऱ्हाड तुमचीच ना?"

"आमचीच. पर ती आमच्यापाशी कुठं व्हती? चाबकानं मारलं त्या दिशीच किशनरावानं हिसकून छपरात फेकली. सांगितलं मी जमादाराला. तर म्हनला, चोरून आनली आसंल परत."

"शेरडं कशी मेली, ते सांग. अगदी पहिल्यापासून."

सरजाबाईला वाटलं, नर्सबाईला वेड लागलं. नवरा मरायलाय आणि ही शेरडाचं विचारती. पण सांगितलं. पाला खाऊन आली, तोंड वर करून धापा टाकायला लागली, उभ्या उभ्या पडली, पाय झाडले. अर्धा घंटाबी न्हाई लागला. बन्सीधर साहेबाला विचारलं, पाल्यात इख हाय का? तो म्हनला, छे, ऊन लागलं असंल.

"कापून पाहिली का कुणी?"

"कोन कापंल, बाई?" सरजाबाईनं असं पाहिलं की बाईंना उगीच अपराधी वाटलं. "छप्पन सालापासून आपल्यात मेल्या जनावराला कुनी हात लावतंय का? खड्डा काढला, पुरली."

सत्यशीलाबाई तिथंच बसून राहिल्या. त्यांना त्यांचे बाबा आठवले. छप्पनच्या आधी गावातलं मेलेलं ढोर ओढून न्यायचं आणि सोलायचं काम बाबांच्या वाट्याला होतं. आई, बायनाबाई, त्या कामाचं घरात नाव काढू देत नसे. धम्म घेतला त्या दिवशी तिनं सोलायची सुरी विहिरीत टाकली आणि त्या विहिरीचं पाणी वर्षभर प्यायली नाही. पण त्याच्या आधी, सात-आठ वर्षांची असताना, सत्यशीलानं बाबांना एकदा बोलताना ऐकलं होतं. पाऊस लांबला होता. जवारीचे वाळलेले धांडे पुन्हा फुटले होते आणि ते कोवळे फुटवे खाऊन पाटलाची गाय धापा टाकत उभ्या जागी मेली होती. बाबा म्हणाले होते, "फुटव्यानं मेलेलं ढोर उघडलं की लगेच कळतं. रगत काळं पडत न्हाई. मेलं तरी लाल. कुंकवावानी."

ज्यांना हे ठाऊक होतं त्यांनी ते काम टाकलं, आणि बरं केलं. ज्यांनी ते काम त्यांच्यावर लादलं होतं त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. म्हणून सबंध निंबटाकळीत किशनरावाच्या लाल पाठीचा अर्थ लावू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, आणि जमादार त्याला म्हणाले होते, ऱ्हाऊ द्या.

लिंबाजीनं शाप दिला होता, शेरडासारखा मरशील. शाप नव्हता तो. किशनराव अक्षरशः शेरडासारखा मेला होता.

पण शेरडं पाला खातात. किशनराव पाला खाणार नव्हता.

४

सुलाबाई, किशनरावाची बायको, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून होती. बायका बाहेर गळा काढत होत्या. हिच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. पदर सरकला तेव्हा खांद्यावर एक जुनी आणि एक कालची अशा दोन जखमा दिसल्या. कालची भाजल्याची होती.

बाईंनी न विचारता मलम काढलं.

"खिचडी केल्ती शाबूची," सुलाबाई म्हणाली. "तिखट झाली म्हने. गरम पातेलं फेकून मारलं."

"मग उपाशी गेले?"

"उपाशी कुठला जातुय. गूळ घेतला खिशात. म्हनला, तुझी खिचडी कुत्र्याला घाल, मी आखाड्यावर शाबूच्या मुळ्या भाजून खातो. चिंध्या बांधलेल्या वळीतल्या."

बाईंचा हात थांबला. "कसल्या चिंध्या?"

"लाल. मागच्या वळीत झाडाझाडाला बांधल्यात की. नजर लागू नये म्हनून. आपन न्हाई का लेकराच्या पायात काळा दोरा बांधत, तसं. हा म्हनला, सरकारनं एवढं नजरंपून जपलंय म्हंजी तेच खरं गोड असनार." "बाई, खरं सांगू? मला रडू येत न्हाई. मानसं काय म्हनतील?"

"म्हणतील धक्का बसलाय."

"बसलाच की," सुलाबाई म्हणाली. "चौदा वर्सांत पयल्यांदा एक रात झोपले."

तिच्याकडं पाहून बाईंच्या मनात एक शंका येऊन गेली, ती लपवण्यात अर्थ नाही. विष म्हटलं की स्वयंपाकघर पहिलं डोळ्यांपुढं येतं. पण खिचडी तर भिंतीला अजून चिकटलेली होती आणि तिच्यावर माश्या मजेत बसल्या होत्या. आणि आबासाहेब? किशनरावानं त्याच्याकडं वाटणी मागितली होती, हे खरं. पण एकादशीच्या दिवशी आबासाहेब पहाटेपासून ताडकळसच्या बाजारात बैल बघत होता; अख्ख्या बाजारानं त्याची घासाघीस ऐकली होती.

बाहेर पडताना त्यांना बन्सीधर दिसला. चावडीतून जेवायला खोलीवर चालला होता.

"साहेब, तुम्ही होता का काल शेतात?"

"मी? नाही. पालमला ऑफिसात होतो. दोनच्या गाडीनं आलो, अडीचला इथं. डोकं दुखत होतं, झोपलो. आरडाओरडा झाला तेव्हाच उठलो."

"गाडीला गर्दी होती?"

"फार. उभ्यानंच आलो."

"काळजी घ्या. ऊन वाढलंय," सत्यशीलाबाई म्हणाल्या. दोनच्या गाडीत त्या स्वतः बसल्या होत्या. सगळी मिळून अकरा माणसं होती आणि दीड तास ती सगळी नाल्यात उतरून ड्रायव्हरला अक्कल शिकवत होती.

त्या घरी गेल्या नाहीत. सरळ शेतात गेल्या.

मागच्या ओळीत एकही चिंधी नव्हती.

५

सरजाबाई त्यांच्यामागं आली होती. ती गोंधळून झाडाझाडापाशी फिरली. "गेल्या हप्त्यात तर व्हत्या बाई. मी खुरपायला व्हते ना इथं. कोन नेल्या?"

नजरेसाठी बांधलेलं फडकं कुणी सोडत नाही, सोडलं तर नजर लागते. ज्यानं सोडलं त्याला ते नजरेचं वाटत नव्हतं.

सगळी झाडं ताठ होती, पंज्यासारखी पानं पसरून. फक्त तीन झाडांची पानं लोंबत होती. बाईंनी एका खोडाला हात लावला आणि ते अलगद वर आलं. खाली मुळी नव्हती. उपटलेलं झाड कुणीतरी पुन्हा मातीत खोचून ठेवलं होतं. तिन्ही तशीच. काल ती हिरवी होती म्हणून कुणाला कळलं नाही. एका उन्हात त्यांनी चहाडी केली.

बांधाच्या पलीकडं, उकरलेल्या मातीखाली राख सापडली, जळकी सालं आणि दोन अर्धवट खाल्लेल्या मुळ्या. बाईंनी एक मोडली. मधोमध जाड दोरा होता. रताळ्याला असा दोरा नसतो. रुमालातला दोरा आणि हा दोरा त्यांनी शेजारी शेजारी धरला.

"बाई, ह्यात इख हाय?" सरजाबाईनं विचारलं. "मंग आपन सगळ्यांनी खाल्लं ते?"

"आपण पुढच्या ओळीतलं खाल्लं."

मग त्या सरजाबाईला म्हणाल्या, तू चावडीवर जा, मी येतेच. सरजाबाई गेल्यावर त्यांनी खुरपं घेतलं, चार मुळ्या उकरल्या आणि आखाड्यावरच गोवऱ्यांत भाजायला ठेवल्या. भाजताना त्यांनी विचार केला, आणि विचाराचं उत्तर त्यांना आवडलं नाही. पुरावा म्हणून त्यांच्यापाशी एक दोरा होता, थोडी राख आणि मेलेल्या बापाचं एक वाक्य. परभणीच्या डॉक्टरला मान तुटलेली दिसणार. पोटातलं डब्यात भरून औरंगाबादला जाणार आणि उत्तर यायला पावसाळा उजाडणार. दिवस मावळायला दोन तास होते.

गावाकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. किशनराव परभणीहून लवकर परतला होता.

६

चावडीपुढं पन्नासेक माणसं होती. काठ्या होत्या, दोन भाले होते आणि आबासाहेबाच्या पायाशी रॉकेलचा डबा. ट्रॉलीत पांढऱ्या कापडात गुंडाळलेला मुडदा. लिंबाजीला खांबाला बांधला होता. मघाशी त्यानं कबुलीवर अंगठा उठवायला नकार दिला होता आणि कुणीतरी भाल्याच्या दांड्यानं त्याचे पुढचे दोन दात पाडले होते. तो रक्त थुंकत होता आणि परत नाहीच म्हणत होता.

"आबासाहेब," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "डबा उघडायच्या आधी घटकाभर ऐकता का? तुमच्या भावाचंच सांगते."

"बोला. बाईमानूस म्हनून ऐकायलोय."

त्यांनी पितळी ताट ओट्यावर ठेवलं. त्यात चार भाजलेल्या मुळ्या होत्या, अजून वाफ निघत होती.

"काल किशनरावांनी आखाड्यावर हेच खाल्लं. मागच्या ओळीतलं. त्यानंच ते मेले. कुऱ्हाड नंतर बसली, मुडद्यावर."

हसणारे हसले. "शाबूनं कोन मरतंय?" भुजंग म्हणाला. "उपासाचं ते."

"उपासाचंच. म्हणून तर कुणाला शंका नाही आली. किशनराव असे निपचित पडलेले तुम्हाला दिसले असते तर तुम्ही काय म्हणाला असता? साप चावला. जाळ झाडून, सालं पुरून, उपटलेली झाडं परत कोण खोचून ठेवेल? ज्याला ठाऊक होतं की मारलं ते ह्या मुळ्यांनी, त्यानंच. आणि गावात ते एकालाच ठाऊक होतं." त्यांनी ताट उचलून बन्सीधरपुढं धरलं. "साहेब, मी खोटी असेन तर एक खाऊन दाखवा. तुमचंच पीक आहे."

बन्सीधरच्या हातात अजून टाक होता. "मला... मी जेवलोय आत्ताच."

"एक घास."

"हे काय चालवलंय, जमादारसाहेब? मी सरकारी नोकर आहे."

दत्तरावांनी मिशीला हात लावला. त्यांना गंमत वाटायला लागली होती. "खा की साहेब. रताळंच हाय."

बन्सीधर खाईना. पण एवढ्यानं काही झालं नसतं. माणूस न जेवण्याला शंभर कारणं असतात आणि आबासाहेबाचा धीर संपत आला होता. तो डब्याचं झाकण फिरवायला लागला होता.

तेव्हा गर्दीतून सरजाबाई पुढं आली. तिनं ताटातली सगळ्यांत मोठी मुळी उचलली.

"मी खाते," ती म्हणाली. सगळ्यांना नाही, खांबाला बांधलेल्या नवऱ्याला. "मी मेले तर बाई खरी. मंग तर सोडतील तुमाला."

"सरजे, नको," लिंबाजी तुटक्या तोंडानं म्हणाला. "पोरं हायेत."

सत्यशीलाबाईंनी तिला अडवलं नाही. त्या फक्त बन्सीधरकडं बघत राहिल्या. सरजाबाईनं मुळी तोंडाशी नेली, दात लावले.

टाक खाली पडला. बन्सीधरनं ओट्यावरून उडी मारली आणि तिच्या हातावर असा फटका मारला की मुळी जाऊन रॉकेलच्या डब्यावर आपटली.

"खाऊ नका," तो म्हणाला. "मराल."

मग त्याला कळलं आपण काय बोललो. तो तिथंच मातीत बसला.

तो आपणहून बोलत सुटला. मागची ओळ कडू जातीची होती. खळीच्या कारखान्याला चालते, पण किसून, भिजवून, पिळून, वाळवून. तशीच खाल्ली तर माणूस मरतो. गावाला सांगितलं असतं तर कुणी पुढच्या ओळीलाही शिवलं नसतं, योजना गुंडाळली असती, त्याची नोकरी कायम व्हायची होती. म्हणून त्यानं न सांगता लाल फडकी बांधली. "लाल म्हणजे धोका," तो म्हणाला. "मला वाटलं, लाल बघून कुणी हात लावणार नाही." काल दुपारी एकला तो शेतात गेला. पालमला गेलाच नव्हता. किशनराव गार पडलेला. शेरडांचं तो लिंबाजीशी खोटं बोललेला होता. आता माणूस मेला होता. छपरात कुऱ्हाड दिसली.

"मेलेल्यालाच मारलं हो," तो परत परत म्हणत होता. "मी मेलेल्यालाच मारलं. मी खून नाही केला."

"झालाच नव्हता," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "व्हायचा होता. ह्याचा." त्यांनी खांबाकडं बोट केलं. "त्याचे कागद तुम्ही रात्रभर मोत्यासारख्या अक्षरात लिहीत होता."

आबासाहेबाची पहिली काठी बन्सीधरच्या कानशिलावर बसली. दुसरी भुजंगची. कालपासून माराला उतरलेले पन्नास हात होते, ते तसे मोकळे जाणार नव्हते; त्यांना फक्त नवीन अंग मिळालं. बन्सीधरच्या बरगड्या मोडल्याचा आवाज बाईंनी ऐकला. त्या मधे घुसल्या, एक काठी त्यांच्याही पाठीवर बसली, आणि त्या बन्सीधरच्या अंगावर आडव्या पडून राहिल्या तेव्हा कुठं दत्तरावांना आपण पोलीस असल्याची आठवण झाली.

"बाई, ह्याच्यासाठी कामून मार खाता?" दत्तरावांनी त्यांना उठवत विचारलं.

"ह्यानं हात मारला ना तिच्या हाताला. गप्प बसला असता तर सुटला असता."

सरजाबाई तोवर नवऱ्याच्या गाठी दातांनी सोडत होती. मधेच तिनं मागं वळून विचारलं, "बाई, मी जराशी चावले व्हते. मरते का मी?"

"नाही गं. त्या पुढच्या ओळीतल्या होत्या."

सरजाबाईनं एक क्षण त्यांच्याकडं पाहिलं, आणि निंबटाकळीत तोवर कुणी नर्सबाईला दिली नसेल अशी एक शिवी दिली. मग परत गाठीला दात लावले.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजीला उपकेंद्राच्या बाकावर झोपवलं होतं. हात बांबूच्या खपच्यांत बांधलेला. पालमपर्यंत बैलगाडी सांगितली होती, तिथून परभणीच्या दवाखान्यात न्यायचं होतं, हाड बसलं तर बसेल. दत्तराव टोपी काढून आत आले. आवाज बराच खाली होता.

"बाई, सोबत कागद द्यावा लागतुय ना दवाखान्याला? इजा कशी झाली त्याचा."

"द्यावा लागतो."

"लिहिनारा तर आत गेला. तुमीच लिहा." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लिहा, की पडला. शेतकरी मानूस, झाडावरून पडतो, बांधावरून पडतो. समद्यांच्याच सोयीचं हाय. त्यालाबी परत चावडी नको."

सत्यशीलाबाईंनी कागद घेतला. पेन उघडलं. मग त्या बाकाकडं वळल्या.

"लिंबाजीदादा, जमादारसाहेब म्हणतात, तुम्ही पडलात. खरं का?"

लिंबाजीनं उघडा होता तो डोळा उघडला. दत्तरावांकडं पाहिलं, बराच वेळ. दात नसल्यामुळे बोलणं फुसफुसत येत होतं, पण शब्द स्वच्छ होते.

"खरं हाय, बाई. पडलो की."

दत्तरावांनी श्वास सोडला.

"ह्यांच्या काठीवर पडलो," लिंबाजी म्हणाला. "सात डाव मोजलं. पुढचं मोजलं न्हाई."

बाईंनी ते तसंच लिहिलं, एकही अक्षर न बदलता. अक्षर काही मोत्यासारखं नव्हतं, पण कुणालाही वाचता आलं असतं. मग कागद फिरवून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सरकवला आणि पेन त्यावर आडवं ठेवलं.

"साक्षीदार म्हणून सही करा, जमादारसाहेब," त्या म्हणाल्या. "तिथं तुम्हीच होता."